आरव्हीचा फ्रीज गार होत नाहीये, कूलिंग युनिट गेलं असेल का?

ऑस्टिनकर
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे (आरव्हीच, गाडीमागे ओढायचं फिरतं घर), त्यात गॅस आणि करंट दोन्हीवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शनवाला फ्रीज, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला. टेक्सासात घरासमोर प्लग लावून ठेवला होता तेव्हा मस्त गार होता. आता कोलोरॅडोत लेडव्हिलजवळ थांबलोय, इथे करंट नाही, सगळं गॅसवर, आणि काल दुपारपासून आत 56 डिग्री फॅरेनहाइट दाखवतोय, फ्रीझरमधली मटारची पिशवी पाणी पाणी झालीये. बिघाड दाखवणारा चेक लाइट लागत नाही, बाहेरचं झाकण काढलं तर आत ज्योत जळताना दिसते. एका दुकानाला फोन केला तर त्यांनी न बघताच सांगितलं की कूलिंग युनिट (मागची गार करणारी पाइपांची जुळणी) गेलं, नवा फ्रीज घ्या. सोबत बाबांचं इन्सुलिन आहे, ते सध्या बर्फाच्या कूलरमध्ये ठेवलंय. काय तपासू?

मेधा_डेन्व्हर
आधी इन्सुलिनचं बघा. बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. डब्यात घालून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि बर्फापासून लांब ठेवा, शेजारी थर्मामीटर ठेवा, 36 ते 46 डिग्री फॅरेनहाइटच्या मधे राहिलं पाहिजे. फ्रीजचं बाकीचे सांगतीलच पण एक गोष्ट आत्ताच बघा, मागच्या पाइपांवर कुठे पिवळी पूड दिसतेय का किंवा आत अमोनियाचा झणझणीत वास येतोय का? तसं असेल तर गॅस, करंट दोन्ही बंद करा, दारं खिडक्या उघडा आणि परत चालू करूच नका. त्या पाइपांत अमोनियाबरोबर हायड्रोजनही असतो, गळती आणि ज्योत एकत्र आली की आग लागते.

फिनिक्सचा_गाडीवाला
ज्योत दिसते, चेक लाइट नाही आणि घरी करंटवर चालत होता, म्हणजे मला नाही वाटत युनिट गेलंय. बघा, ह्या फ्रीजला थंडी उष्णतेतूनच मिळते. खाली बॉयलर तापतो, अमोनियाची वाफ वर जाते, गार होऊन द्रव होते, मग हायड्रोजनच्या संगतीत तिची परत वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते, आणि शेवटी पाणी तिला शोषून परत बॉयलरकडे आणतं. पंप नाही, मोटर नाही, 1922 च्या सुमाराला स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स, हे काढलं आणि मूळ रचना आजही तीच आहे. गॅस काय नि करंट काय, दोघंही तोच एक बॉयलर तापवतात. म्हणून एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर नाही असं झालं तर युनिट ठणठणीत आहे, दोष तापवण्याच्या बाजूला आहे. ही एक टेस्ट केल्याशिवाय कुणी हजारो डॉलरचा फ्रीज बदला म्हणत असेल तर ऐकू नका.

आता तुमच्या जागेचं. लेडव्हिल 10,000 फुटांच्या वर आहे आणि फ्रीजच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर नीट गार होत नाही, कधी ज्योत विझतेही. हवा विरळ, जेटचं (गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या तोटीचं) भोक तेवढंच, मग गॅस जास्त आणि हवा कमी, ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी. तुमची ज्योत कुठल्या रंगाची आहे? निळी आणि सरळ हवी.

दुसरं, ट्रेलर लेव्हलमध्ये आहे का? आत सगळं उतारानेच वाहतं, पंप नसल्यामुळे. फ्रीजच्या दारासमोर उभं राहून डावी-उजवी 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश एवढाच कल बहुतेक मॉडेलना चालतो. चालत्या गाडीत हलल्यामुळे भागून जातं, पण उभ्या गाडीत तिरका फ्रीज बराच वेळ चालू राहिला तर द्रव साठतो, बॉयलर जास्त तापतो, गंज लागू नये म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट आत घट्ट बसतं आणि नळी कायमची बुजते.

तिथून खाली ब्युएना व्हिस्टा गावाला उतरा, कॅम्पग्राउंडवर करंट मिळणारी जागा घ्या, लेव्हल करा, मोड ऑटोवर न ठेवता करंटवर टाका आणि रात्रभर दार न उघडता ठेवा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवा, नुसत्या हवेचा आकडा फसवतो.

सॅन_होजे_भटके
बॅटरी पण बघा ना. गॅसवर असला तरी कंट्रोल बोर्डाला 12 व्होल्ट लागतातच. आणि मी ऐकलंय की फ्रीज बाहेर काढून उलटा करून ठेवला की बुजलेला चालू होतो?

फिनिक्सचा_गाडीवाला
बॅटरी बघाच. उलटा करायचं मात्र आत्ता अजिबात नको, युनिट बुजलंय हे सिद्ध झालेलं नाही आणि एवढं जड धूड कॅम्पग्राउंडवर कुठे काढत बसणार. काहींचा चालूही होतो, पण टिकेलच याचा भरवसा नाही.

ऑस्टिनकर
सगळ्यांचे खूप आभार. पिवळी पूड नाही, वास नाही, बॅटरी 12.6 व्होल्ट. ब्युएना व्हिस्टाला आलो, चाकांखाली ठोकळे घालून लेव्हल केला, करंटवर टाकला आणि सकाळी पाण्यात 38!! इन्सुलिन परत फ्रीजमध्ये. मग गॅसवर टाकून बघितलं तर ज्योत इथेही पिवळी आणि फरफर करतेय, बर्नरवर तपकिरी पापुद्रे पडलेत, आणि बर्नरच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. स्वतः साफ करता येईल का?

फिनिक्सचा_गाडीवाला
येईल, घाई न करता. टाकीवर गॅस बंद, फ्रीज बंद, धुराडं पूर्ण गार होऊ द्या. डोळ्याला चष्मा लावा. धुराड्यात वरून तारेला टांगलेली पिळाची पत्री असते ती वर ओढून काढा, खाली बर्नरवर फडकं टाका आणि धुराडं लांब ब्रशने साफ करा, ते पापुद्रे त्यातलाच गंज आहेत. मग बर्नर काढून मातीचं घर खरवडा आणि हवा मारा. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका, भोक केसभर जरी मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते, अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवायचं बस. पत्री पूर्वी होती त्याच उंचीवर टांगा, खाली-वर झाली तर बॉयलरला उष्णता मिळत नाही. जोडल्यावर टाकीवर गॅस उघडा, पण फ्रीज न पेटवता साबणाच्या पाण्याने प्रत्येक जॉइंट तपासा, बुडबुडा आला तर गॅस लगेच बंद करा आणि फ्रीज पेटवायचा नाही.

आणि लेडव्हिलला परत जाणार असाल तर साफ करूनही तिथे तो पूर्ण ताकदीने चालेलच असं नाही, आता 8,000 फुटांवर आहात, इथेच बघून घ्या.

मेधा_डेन्व्हर
ट्रेलरमधला गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही बटण दाबून वाजतात का बघा, पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. आणि इन्सुलिनसाठी कूलरमध्ये बर्फ भरून तयार ठेवा, फ्रीज चालू झाला तरी.