मदत हवी आहे: विक्रांतवरून मिग-२९केचं उड्डाण आणि वाऱ्याचं गणित

आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजाची लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर, कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किमी. जहाज चालवायला चार एलएम२५०० गॅस टर्बाइन. कॅटापल्ट, म्हणजे विमान झटक्याने पुढे फेकणारं यंत्र, नाही. मिग-२९के हे लढाऊ विमान दोन्ही इंजिनं आफ्टरबर्नरवर (जादा इंधन जाळून जोर वाढवून) नेतं, चाकांपुढचे अडथळे खाली जातात आणि ते १४ अंशांच्या स्की-जंपवरून (डेकच्या टोकाच्या वर वळलेल्या चढावरून) सुटतं. समोरून वारा जितका जास्त, तितकं उचलणं सोपं. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात: समोरून १५ नॉट वारा आणि जहाजाचे २५, म्हणजे डेकवर ४० नॉट आयते मिळाले.

खरी अडचण वारा पडल्यावर. डेकवर २५च नॉट आणि हवा ३५ अंश तापलेली असेल, तर विमानाच्या इंजिनाचा जोरही घटतो. अशा वेळी आधी काय कमी करतात, इंधन की शस्त्रं? वजनाची कपात ढोबळमानाने कशी काढायची? नौदल विमानवाहतुकीतल्या जाणकारांनी सूत्रासह सांगावं, ही विनंती.