रिकॉल म्हणजे कंपनीचा मोठेपणा? कसला मोठेपणा!

गिरगावकर: काल इथे ‘सावकाश’ यांनी लिहिलं की रिकॉल काढणाऱ्या, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावणाऱ्या कंपनीचं कौतुक करावं, अमेरिकेतले खटले म्हणजे वकिलांची चंगळ, आणि आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी गेली की गुपचूप पार्ट बदलून देतात तेच बरं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

एअरबॅग बनवणाऱ्या जपानी टकाटा कंपनीचंच घ्या. एअरबॅग फुगवायला स्वस्त पडतं म्हणून अमोनियम नायट्रेट हे स्फोटक रसायन वापरलं. वर्षानुवर्षं दमट, गरम हवेत राहून ते बिघडतं, मग धडक झाली की इन्फ्लेटरचं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीचं, कवचच फुटतं आणि पत्र्याचे तुकडे गळ्यात घुसतात. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट भागातल्या गाड्या आधी हातात घेतल्या. आपल्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, हे लक्षात घ्या. टकाटाने चाचणीचे आकडे फिरवले होते. २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि १०० कोटी डॉलर ठरले. वाटणी बघा: गाडी कंपन्यांना ८५ कोटी, जखमी आणि मेलेल्यांच्या घरच्यांना साडेबारा, दंड अडीच.

माझी गाडी सेकंड हँड. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं. ती चाळ पुनर्विकासात कधीच पडली. दोन वर्षं बायकामुलांना घेऊन अलिबाग केलं, मग सहज साइटवर चासी नंबर टाकला तर लाल अक्षरं, रिकॉल बाकी!

सावकाश: मीच तो. राग कळला, पण पत्ता बदलायचं काम कंपनीचं का? आणि ८५ कोटी कंपन्यांना गेले कारण कोट्यवधी एअरबॅग बदलायचा खर्च त्यांनीच उचलला. भावनेच्या भरात गणित विसरू नका.

बेअरिंगवाला: २२ वर्षं पार्ट सप्लाय करतोय, वाईटपणा घेऊन बोलतो. दरवर्षी ‘रेट कमी करा’ आणि काही फेल झालं की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आमच्या नावावर. जीएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या, इग्निशन स्विचचं काय झालं? स्विच डेल्फी या सप्लायरचा. चालत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन बंद, मग एअरबॅगही उघडत नाही. पुढे आतला भाग बदलला, पण जीएमच्या इंजिनिअरने पार्ट नंबर तोच ठेवला, जुना कुठला आणि नवा कुठला कळायची सोय नाही! आमच्याकडे एक वॉशर बदलला तरी नंबरात नवी रिव्हिजन टाकावी लागते, नाहीतर अख्खा लॉट परत येतो. रिकॉल झाला २०१४ ला. जीएमच्याच भरपाई योजनेत १२४ मृत्यू धरले गेले. २०१५ मध्ये सरकारशी ९० कोटी डॉलरवर मिटलं, तुरुंगात कुणी नाही.

गिरगावकर: म्हणजे टकाटा बिचारी?

बेअरिंगवाला: तसं म्हटलं का मी? वाचा नीट.

काळा_कोट: वकिलांची चंगळ म्हणणाऱ्यांनी आपला कायदा वाचावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला रिकॉलचं कलम ११०अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून. सरकारने सक्तीने लावलेल्या रिकॉलचा दंड १० लाख ते १ कोटी. एक कोटीत दादरला वन बीएचके येत नाही. वर गाडी सात वर्षांच्या आतली हवी. अमोनियम नायट्रेट जितकं जुनं तितकं धोक्याचं, आणि आमचा नियम सातव्या वर्षी हात झटकतो! ह्युंदाईच्या क्रेटाची एअरबॅग उघडली नाही, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भरपाई कायम ठेवली. ग्राहकाने धडकेच्या वेगाचं भौतिकशास्त्र मांडत बसायची अपेक्षा नाही, असं सुनावलंही. पण तो माणूस एकटा लढला. सोबत हजार मालक असते तर?

मुलुंडची_मामी: तुमचं चालू द्या. आमचे धाकटे भाऊजी बेल्ट न लावता त्याच्या खाचेत नुसती क्लिप खोचतात, टिंगटिंग वाजू नये म्हणून. कुर्ल्याहून आणली, वर कंपनीचा लोगो.

सावकाश: हेच म्हणतोय मी! लोक स्वतः क्लिपा लावतात आणि शिव्या कंपनीला.

गिरगावकर: माझ्याकडे क्लिप नाही. विषय भरकटवू नका.

बेअरिंगवाला: भरकटला कुठे? बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगत्या एअरबॅगवरच आदळतो. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलंय त्यातला पहिला एस म्हणजे ‘पूरक’. मुख्य काम बेल्टचं.

काळा_कोट: २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना क्लिपा काढायला लावल्या. रस्त्यावर मिळतातच.

मुलुंडची_मामी: तेच सांगितलं तर भाऊजी म्हणाले, “वहिनी, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दहाच्या स्पीडला काय होतंय?” पोटावर सिझेरियनचे टाके असताना मी बेल्ट लावून बसले होते. यांना टिंगटिंग सहन होत नाही.

सावकाश: मामी, यात कंपनीची चूक नाही, एवढं तरी मान्य?

मुलुंडची_मामी: मान्य. आणि गुपचूप पार्ट बदलणं चूक, हे तुम्ही मान्य करा.

सावकाश: बरं बाबा, गुपचूप नको. पत्र पाठवू दे, वाजतगाजत पाठवू दे. गिरगावकर, खूश?

गिरगावकर: पत्र कुठल्या पत्त्यावर, ते बोला. इन्शुरन्सवाल्यांचा फोन नूतनीकरणाच्या महिनाभर आधी बरोबर माझ्याच नंबरवर येतो.

काळा_कोट: हा मुद्दा लिहून ठेवतो.

मुलुंडची_मामी: भाऊजींची क्लिप मीच काढून कचऱ्यात टाकली. आता बेल्ट पाठीमागून लावून त्यावर टेकून बसतात.