ताई चीचा मूळ पुरुष खरंच वुदांगचा साधू होता का?

तलाव_वॉकर: मंडळी एक विचारायचं होतं. इथं कंबर तलावावर सकाळी एक बॅच ताई ची (ती संथ हालचालींची चिनी युद्धकला) करते, गुडघ्यापायी मीपण त्यात घुसलोय. सर चांगले आहेत, फीपण घेत नाहीत, पण परवा त्यांनी फ्लेक्स आणला, वर पांढऱ्या दाढीवाला झांग सानफेंग, वुदांग डोंगरावरचा साधू, त्यानं साप आणि करकोच्याची झुंज बघून ही कला काढली म्हणे, तिथनं खाली बाण, यांग घराणं, मग कोण कोण आणि सगळ्यात खाली आमचे सर. मधली कित्येक शतकं नुसता बाण! सरांना विचारायला जीभ रेटत नाही. खरं काय आहे?

जुळे_सोलापूरकर: सानफेंगचं चरित्र मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात आहे, पण त्यात मारामारीबद्दल चकार शब्द नाही. या विद्येशी त्याचं नाव जोडलं गेलं ते 1669 मध्ये, हुआंग झोंगशी नावाच्या विद्वानानं एका मल्लाच्या समाधीसाठी लिहिलेल्या मजकुरात. त्यातपण साप नाही न करकोचा नाही, स्वप्नात देव येऊन विद्या शिकवून गेला आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं एकट्यानं शंभरावर दरोडेखोर लोळवले, असं आहे. शाओलिन मठाची म्हणजे बाहेरची विद्या आणि सानफेंगची ती आतली, ही वाटणीपण तिथलीच. ताई चीचं नाव त्यात कुठंच नाही. हुआंग स्वतः बाहेरनं येऊन चीन जिंकणाऱ्या मांचूंविरुद्ध लढलेला माणूस, त्यामुळं बाहेरचे-आतले म्हणजे परके-आपले असा टोमणा त्यात असावा असं काही अभ्यासकांना वाटतं, आणि मला ते पटतं.

कागदोपत्री माग लागतो तो हेनान प्रांतातल्या चेनज्यागौ गावापर्यंत. तिथं चेन चांगशिंगच्या हाताखाली यांग लूचान (1799-1872) तयार झाला, मग बीजिंगमध्ये बड्या घरांत शिकवू लागला आणि कलेचं नाव झालं. पुढं 1930 च्या सुमारास तांग हाओ हा इतिहासकार त्या गावात जाऊन कागद धुंडाळून आला आणि 17 व्या शतकातल्या चेन वांगतिंगला त्यानं मूळ पुरुष ठरवलं. तेही सगळ्यांना मान्य नाही, पण चेन घराण्यातल्या पवित्र्यांची बरीच नावं सेनापती छी जीग्वांगच्या 16 व्या शतकातल्या लष्करी पुस्तकाशी जुळतात, म्हणजे साधूपेक्षा शिपायाकडंच बोट जातंय.

नवीपेठ_काका: एवढं कशाला, आपल्याकडच्या बोधिधर्म भिक्खूनं इथनंच नेलं की सगळं.

जुळे_सोलापूरकर: काका, बोधिधर्माची कथा शाओलिनवाल्यांची, हे तर त्यांच्या उलट्या गोटातले. शिवाय बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला, आणि ज्या यीजिन जिंगवर ती कथा उभी आहे ते पुस्तक 1624 च्या आसपासचं. चीनशी नातं सांगायचंच तर आपले डॉ. कोटणीस आहेत ना, जन्म सोलापूरचा, 1942 ला वारले ते हेबेई प्रांतात. यांग लूचानपण हेबेईचाच!

रियाजी_माणूस: प्रत्येक गवयाला आपलं घराणं तानसेनापर्यंत न्यायचं असतं, त्यातलाच प्रकार आहे हा. पण एक मजा सांगतो. यांग लूचानच्याच गावचा वू यूशियांग, त्याच्या भावाला एका मिठाच्या दुकानात ताई चीवरचं जुनं हस्तलिखित मिळालं असं सांगतात, ते वांग झोंगयुएच्या नावावर आहे आणि आजही बहुतेक घराणी त्याला प्रमाण मानतात. ह्या वूचा भाचा ली यीयू. 1881 मध्ये त्यानं प्रस्तावना लिहिली आणि पहिल्याच वाक्यात टाकलं की ताई ची कुणी सुरू केली ते माहीत नाही. आतल्या गोटातला माणूस तो, थापच मारायची असती तर त्याला कोण अडवणार होतं?

तर सरांना सानफेंगबद्दल विचारूच नका. तुमचे गुरुजी कोण, त्यांचे कोण, एवढंच विचारा. तीन-चार नावं सलग आली आणि यांग लूचानचा नातू यांग चेंगफूपर्यंत (1883-1936) गाडी पोचली तर वरच्या साधूकडं खुशाल कानाडोळा करा. आणि हो, फ्लेक्सवर चेनज्यागौचं नाव आहे का बघून सांगा, बरेच जण तेच गाळतात.