सेक्रममधली (कण्याच्या तळाच्या हाडातली) गाठ: तपासणीची सुई कुठून घालायची?

जीपी_होटगीरोड: पेशंट ५८ वर्षांचे. बसलं की माकडहाडाशी दुखतं. वर्षभर मूळव्याधीची औषधं झाली. आता एमआरआयमध्ये एस-३ (सेक्रमचा तिसरा मणका) पासून खाली, अगदी मध्यावर, ७ सेंटिमीटरची गाठ. टी-२ वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) पांढरीशुभ्र, रेक्टमला (गुदाशयाला) पुढे ढकलतेय. कॉर्डोमाची (कण्याच्या हाडातला दुर्मीळ कर्करोग) शंका आहे. इथले एक सर्जन म्हणतात, गाठ बोटाला लागतेय तर रेक्टममधूनच तुकडा काढू. करू द्यावं का?

रेडिओ_तात्या: नको, नको! गाठ आणि रेक्टम यांच्यामधला प्रीसॅक्रल फॅशिया (पातळ पडदा) शाबूत असला तर रेक्टम सहसा वाचतं. तिथून सुई गेली की गाठीच्या पेशी त्या वाटेवर सांडतात, आणि मग रेक्टमही काढावं लागून पोटावर पिशवी येऊ शकते. सीटी बघत मागून, मध्यरेषेतून कोअर बायोप्सी (जाड सुईनं तपासणीचा तुकडा काढणं) करा. सुईची जागा खुणेनं नोंदवा, कारण तो मार्ग गाठीबरोबर कापून काढायचा असतो. म्हणून जिथे ऑपरेशन तिथेच बायोप्सी बरी. ब्रॅकयुरीचं (कॉर्डोमाच्या पेशी ओळखून देणारं प्रोटीन) स्टेनिंग लॅबला सांगायला विसरू नका. जायंट सेल ट्यूमर (हाडाचीच दुसरी गाठ) बहुधा तरुणांत, एस-१, एस-२ कडे आणि एका बाजूला असतो; त्याचे उपचार वेगळे.

कणा_सर्जन: ऑपरेशन एकदाच, गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी पेशींसकट अख्खी. खरवडून काढली की ती परत येणारच, आणि दुसऱ्या वेळी स्वच्छ कड मिळणं फार अवघड. इथे हाड एस-२ च्या आसपास कापावं लागेल. दोन्ही एस-२ आणि निदान एक एस-३ नस राहिली तर लघवी-संडासवरचा ताबा बहुतेकांचा टिकतो. नुसत्या एस-२ राहिल्या तर खात्री नाही. त्याही गेल्या तर स्वतः कॅथेटर घालायला शिकावंच लागतं. हे घरच्यांना सहीआधी सांगा, नंतर नव्हे. चालणं एल-५ (कमरेची शेवटची), एस-१ या वरच्या नसांवर असतं, ते सहसा राहतं. स्क्रू-रॉड लागतात ते एस-१ मधून कापलं तर.

खरी डोकेदुखी जखमेची. मोठी पोकळी, त्यात गुदद्वार जवळ. टाके उसवतात, पू होतो. कुल्ल्याच्या स्नायूचा फ्लॅप सरकवून पोकळी भरतात, ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवतात. पहिले काही आठवडे पेशंट कुशीवर किंवा पालथा, बसणं बंद.

जीपी_होटगीरोड: आणि केमो? घरचे तेच विचारतायत.

रेडिओ_तात्या: नेहमीच्या केमोचा कॉर्डोमावर उपयोग नाही. रेडिएशन लागलं तर ७० ग्रे (किरणांच्या डोसचं माप) किंवा त्याहून जास्त. इतका डोस रेक्टमच्या शेजारी द्यायचा म्हणून प्रोटॉनचा (गाठीपलीकडे फारसे न जाणारे किरण) विचार होतो. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या नवी मुंबईतल्या खारघर केंद्रात ती सोय आहे. सोलापूरहून मुंबईच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं खालचं बर्थ काढा, रात्रभर बसून नेऊ नका. नुसत्या फिल्म नकोत, एमआरआयची सीडी द्या.

जीपी_होटगीरोड: सर्जनना आत्ताच फोन करतो, उद्याची वेळ दिली होती.