१११११११११ चा वर्ग

बी-७०३ (आई): सर, जेवण झालं असेल तर एक विचारू का? चिरंजीवांनी वहीत नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. तेच एक्सेलमध्ये केलं तर १२३४५६७८९८७६५४३००. वही खरी की एक्सेल?

ए-२०२ (सर): वही. एकम स्थानी १ गुणिले १. तिथे शून्य येईलच कुठून?

सी-११०२: एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं, पुढे शून्यं भरतं. ही संख्या १७ अंकी. आत आकडे ज्या पद्धतीने साठवतात तिच्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो. त्यापुढे विषम संख्या बसतच नाही, आणि ही विषम आहे.

खजिनदार: अरे बापरे. मग मेंटेनन्सचा हिशोब?

सी-११०२: सिंकिंग फंडात सोळा अंकी रक्कम जमली की कळवा 😀

ए-२०२ (सर): नुसत्या एकांच्या संख्येचा असा वर्ग म्हणजे डेम्लो संख्या. आपल्याच लाईनवरची! गणितज्ञ द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. शाळा ठाण्यात झाली, पुढे देवळालीला शिक्षक. जी.आय.पी. रेल्वेच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या, डोंबिवली स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. तेव्हा स्टेशनला डेम्लो म्हणत, तेच नाव दिलं. लोकांना त्यांचा ६१७४ तेवढा आठवतो, चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येतो तो.

बी-५०१: डोंबिवली स्टेशनवर आम्हाला एकच सुचतं, आत शिरायला मिळेल का.

सेक्रेटरी: गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

बी-७०३ (आई): सर, पण अंक चढून पुन्हा उतरतात ते का?

ए-२०२ (सर): उभा गुणाकार मांड म्हणावं. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात सगळ्या ओळी सापडतात म्हणून ९, आणि तिथून पुन्हा कमी. हातचा कुठेच येत नाही, सगळी मजा त्यातच आहे. आणि अंकांची बेरीज ८१, त्याच ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो. अशांना कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. भाग देऊन बघा, १२३४५६७९ चा वर्ग मिळेल.

ए-४०४ (काकू): वाचायची कशी पण ही?

ए-२०२ (सर): भास्कराचार्यांच्या यादीप्रमाणे एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.

ए-४०४ (काकू): 🙏 नको, आकड्यातच बरी.

सेक्रेटरी: गाडी निघाली. आभार.

बी-७०३ (आई): मुलगा टाइप करतोय. सर, दहा एक घेतले तर मधल्या रकान्यात १० येतात. शून्य मांडलं, हातचा १ डावीकडच्या ९ ला. तिथेही १०, पुन्हा शून्य. हातचा ८ ला, तो झाला ९. म्हणजे १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ८ दिसतच नाही!

ए-२०२ (सर): शाब्बास रे! आता अकरा एक कर.

बी-७०३ (आई): सर, प्लीज. उद्या सकाळची शाळा आहे.