चार इनपुटवर ड्रम किटचे रेकॉर्डिंग : माइक कोणते आणि कोठे लावावेत?

प्रश्न

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली आहे. तेथे गेले दोन महिने मी माझ्या पाच ड्रमच्या किटचे रेकॉर्डिंग करण्याचा प्रयत्न करीत आहे. माझ्याकडे चार माइक-इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण), पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमसाठी एकेजी डी ११२ हा माइक, स्नेअर या हाताने वाजणाऱ्या मुख्य ड्रमसाठी शूर एसएम ५७ आणि ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर लावायचे माइक, म्हणून छोट्या डायफ्रामचे दोन कंडेन्सर माइक आहेत. शेजारी यंत्रमाग असल्यामुळे ते बंद झाल्यावरच, म्हणजे बहुधा रात्री, मला काम करता येते.

अडचण अशी की स्नेअरचा माइक एकटा ऐकला तर आवाज भरीव वाटतो, परंतु ओव्हरहेडचे फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या) वर आणले की तोच स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. ओव्हरहेडपैकी एक माइक स्नेअरपासून साधारण पावणेतीन फुटांवर आणि दुसरा चार फुटांवर आहे. बेस ड्रमच्या पुढच्या हेडला, म्हणजे पडद्याला, भोक नाही. माइक त्याच्यापुढे चार इंचांवर ठेवला आहे, तरी बीटरचा (पायाच्या हातोडीचा) ठोका ऐकूच येत नाही. क्रॅश ही झांज मात्र कानात शिरते. दुकानदाराने सात माइकांचा संच आणि आठ इनपुटचा इंटरफेस घेण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च करावा का?

पहिले उत्तर

हा खर्च सध्या करू नये. आपल्याकडचे चारही माइक या कामासाठी योग्य आहेत. आपण जे वर्णन केले आहे तो अंतरांचा दोष आहे, आणि आणखी तीन माइक लावल्यास तो वाढेल.

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. स्नेअरचा माइक हेडपासून दोन इंचांवर आणि ओव्हरहेड पावणेतीन फुटांवर असेल, तर दोन्हींमधील फरक सुमारे ७९ सेंटीमीटर होतो आणि तोच ठोका ओव्हरहेडमध्ये २.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या उशिराने दोन आवाज एकत्र झाले की २१७ हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खोडतात, आणि चौदा इंची स्नेअरचा मूळ स्वर बहुधा याच भागात असतो. डब्याचा आवाज येतो तो यामुळे. स्नेअरच्या चॅनलवर पोलॅरिटी उलटी करून ऐका. (बटणावर ‘फेज’ असे छापलेले असते, पण ते बटण वेळेत काहीही बदलत नाही, फक्त लहर उलटी करते.) ज्या स्थितीत स्नेअरला पोट येते ती स्थिती ठेवा.

दुसरा दोष दोन ओव्हरहेडमधील सव्वा फुटाच्या फरकाचा आहे. त्यामुळे मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र करून) ऐकताना ४५० हर्ट्झच्या जवळ खड्डा पडतो आणि स्टीरिओमध्ये स्नेअर मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. त्यासाठी ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी करून पाहा. एक ओव्हरहेड स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर, आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) पलीकडे, त्याच्या कडेपेक्षा वीतभर उंच, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) तोंड करून. दोन्हींचे स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर तंतोतंत सारखे हवे. टेपपेक्षा दोरा बरा, आणि आपल्या गावात सुताला काय तोटा? एकाने सुताचे टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याने दाबून धरावे, दुसऱ्याने ते ताणून पहिल्या माइकच्या तोंडापर्यंत न्यावे, तेथे गाठ मारावी आणि तीच गाठ दुसऱ्या माइकच्या तोंडाला लागेपर्यंत स्टँड सरकवावा. टॉमला स्वतंत्र माइक नसल्याची खंत या मांडणीत फारशी उरत नाही.

दुसरे उत्तर

अंतरांविषयी वर लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे, परंतु दहा फूट रुंदीच्या खोलीत ग्लिन जॉन्सची मांडणी मी सुचवणार नाही. फ्लोअर टॉमपलीकडचा माइक जवळजवळ भिंतीला टेकतो आणि किटइतकीच भिंतही रेकॉर्ड होते. अशा खोलीत दोन्ही कंडेन्सर एकाच स्टँडवर, तोंडे जवळजवळ एकमेकांवर ठेवून ९० अंशांच्या कोनात, म्हणजे एक्स-वाय पद्धतीने लावावेत. स्टीरिओ थोडा अरुंद होईल, पण प्रत्येक आवाज दोन्हींमध्ये एकाच वेळी पोहोचत असल्यामुळे आपसातल्या खोडाखोडीचा प्रश्नच उरत नाही. स्नेअरच्या माइकशी पोलॅरिटी तेवढी जुळवून घ्यावी लागेल.

क्रॅश बोचण्यात स्लॅबचा वाटा मोठा असावा. झांजा सौम्य ऐकू याव्यात म्हणून माइक वर नेण्याची सर्वांची प्रवृत्ती असते, पण नऊ फुटांच्या छताखाली माइक जेवढा वर जाईल तेवढे छतावरून परतणारे आवाज त्याला लवकर आणि जोरात मिळतात. माइक जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवा आणि त्याच्या वर छताला जाड गोधडी किंवा कापसाची गादी बांधा. सोलापुरी चादर प्रत्येकाच्या घरात असते, म्हणून आपल्याकडे लोक ती भिंतीला चिकटवून टांगतात आणि खोली ‘साउंडप्रूफ’ झाली असे समजतात. भिंतीला चिकटलेली चादर फक्त अगदी वरचे स्वर शोषते, आणि बाहेर जाणारा आवाज तर मुळीच अडवत नाही. तीच चादर दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर तिचा परिणाम बराच खालच्या स्वरांपर्यंत उतरतो. खर्च तेवढाच, फक्त दोन बांबू जास्त.

रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे सांगणे निर्दयपणाचे आहे, याची मला कल्पना आहे.

तिसरे उत्तर

मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, त्यामुळे वादकाच्या बाजूने थोडे लिहितो. अखंड हेडसमोर ठेवलेल्या माइकला बीटरचा ठोका मिळणार नाही, कारण तो ठोका दुसऱ्या हेडवर पडतो. पुढच्या हेडला मध्यापासून बाजूला साडेचार इंचांचे भोक पाडावे, किंवा मन धजत नसेल तर प्रयोगापुरते ते हेडच काढून ठेवावे. डी ११२ भोकातून आत नेऊन बीटरच्या हेडपासून सहा-सात इंचांवर ठेवावा. जवळ नेल्यास ठोका वाढतो, मागे घेतल्यास घुमार वाढतो. आत एक छोटी उशी दोन्ही हेडना जेमतेम टेकेल अशी ठेवावी. ड्रम उशांनी भरून टाकणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिच्यामुळेच पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज येतो.

एसएम ५७ कार्डिऑइड आहे, त्यामुळे त्याच्या पाठीमागून येणारा आवाज त्याला सर्वांत कमी ऐकू येतो. ती पाठ हाय-हॅटकडे वळेल असा कोन साधावा. इंटरफेसची पातळी ठरवताना माझा अनुभव असा की चाचणीत वादक सभ्यपणे वाजवतो आणि गाणे सुरू झाले की नाही. म्हणून २४ बिटमध्ये सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या (कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) आसपास राहू द्यावा. आणि क्रॅशवर हात हलका ठेवावा. त्याला कोणताही माइक पर्याय नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी रात्री दोन्ही मांडण्या करून पाहिल्या. सुताची युक्ती उत्तम चालली, पण भिंतीविषयीचा इशारा खरा ठरला : फ्लोअर टॉमकडचा माइक भिंतीपासून अवघ्या दीड फुटावर आला आणि राइड या मोठ्या झांजेला एक विचित्र पोकळ आवाज चिकटला. शेवटी एक्स-वाय ठेवले, वर गादी बांधली आणि स्नेअरची पोलॅरिटी उलटी केली. बटण दाबताच स्नेअरला जे वजन आले ते ऐकून माझा भाऊ शेजारच्या खोलीतून उठून आला. बेस ड्रमचे पुढचे हेड सध्या काढले आहे. भोक पाडण्याचे धैर्य अजून झालेले नाही, कारण त्या हेडवर आमच्या गटाचे नाव रंगवलेले आहे आणि साडेचार इंचांचे भोक कोठेही पाडले तरी त्यातले एक अक्षर जाणारच. म्हणून नवे साधे हेड मागवले आहे. सात माइकांच्या संचाऐवजी एवढीच खरेदी झाली.