लॉगरची फाईल एक्समोडेमनं घेताना दरवेळी १६ पॅकेटवरच अडकते, काऊन?

बहारवाला

राम राम मंडळी. वरुड तालुक्यात संत्र्याची बाग हाये आमची, तिथं आम्ही चौघा शेजाऱ्यांनी पैसे जमा करून हवामानाचं यंत्र बसवलं, तापमान, आर्द्रता, पाऊस, दर तासाले एक ओळ लॉगरमधी, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या डब्यात, पडते. १ जून २०२२ पासून ३१ मे २०२५ पर्यंतचा सगळा डेटा त्यात हाये पण बाहेर काढता येऊन नाही रायला. ज्यानं बसवून देल्लं तो आता फोन उचलत नाही. लॉगरले यूएसबी नाही, पेनड्राइव्ह नाही, फक्त ९ पिनचा सिरीयल पोर्ट. मेनूत दोनच रस्ते, एक म्हणजे ओळी सरळ स्क्रीनवर सोडणं अन दुसरा एक्समोडेम, म्हणजे फाईलचे छोटे गठ्ठे (पॅकेट) करून एकेक तपासत पाठवायची पद्धत.

स्क्रीनवर सोडल्या तर ओळी येतात पण मधातली अक्षरं गायब, कुठं ४१.२ च्या जागी ४.२, कुठं दोन ओळी एकात घुसल्या, विहिरीवरची मोटर सुरू झाली की हे जास्तच होते. म्हणून एक्समोडेम लावलं तर ते बरोबर १६ पॅकेट झाले की थांबते, लॅपटॉपवर २०४८ बाईट दिसतात, मंग दहाएक वेळा रिट्राय करून बंद पडते. मोटर चालू असो की बंद, रात्री करा की सकाळी, १६ म्हणजे १६. केबल बदलली, यूएसबीचा कन्व्हर्टर बदलला, ९६०० चा स्पीड ४८०० करून पाह्यला, तरी तेच. सेटिंग ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. लॅपटॉपवरचा प्रोग्राम यंत्रासोबत सीडीत आलेलाच वापरतो.

मेमरी भरत आली हाये अन भरली की सगळ्यात जुन्या नोंदी पुसत जाते असं पुस्तकात लिहिलं हाये. मले आंबिया बहाराच्या तीन वर्षांच्या नोंदी पाह्यजेत, फूल निघताना अन फळगळ झाली तेव्हा ऊन किती होतं ते ताडून पाहाचं हाये. एकदा पुसल्या तर ह्या नोंदी पुन्हा कुठून आणू? कोणी सांगा बाप्पा.

तारजोड_यवतमाळ

दादा, १६ चं कोडं मले बी नाही समजलं पण मोटरचं सांगतो, माह्या शेतात हेच झालं होतं. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारा स्विच) ओढला की त्या क्षणाले शेजारच्या तारेत झटका बसते अन दोन-चार अक्षरं खराब होतात. तुमची सिरीयल केबल मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून गेली असन तर पहिले ती वेगळी करा. जाळीवाली म्हणजे शिल्डेड वायर घ्या अन जाळी एकाच टोकाले अर्थ करा, दोन्ही टोकाले नोका करू. लॅपटॉप चार्जरवर नाही, बॅटरीवर चालवा. आरएस-२३२, म्हणजे तुमचा हाच सिरीयल पोर्ट, त्याची तार १५ मीटरच्या वर नेऊ नये असं म्हणतात, तुमची किती लांब हाये? लॉगरपासून घरापर्यंत कायमची तार टाकायची असन तर आरएस-४८५ चे कन्व्हर्टर दोन्ही टोकाले लावा, ती लांब तारेसाठीची सिरीयलची पद्धत हाये, त्यात पिळाच्या दोन तारांवर १२०० मीटरपर्यंत जाता येते.

अन तीन तारांचीच केबल असन तर २, ३, ५ नंबरच्या पिना तपासा. पण १६ पॅकेट येऊन रायले म्हणजे तारा बरोबर हायेत, तिथं डोकं नोका घालू.

सिरीयल_नागपूर

बहारवाले भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, १६ येतात म्हणजे १७ वं येत नाही. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल, म्हणजे डेटा थांबवायची-सुरू करायची पद्धत, बघा, तिथं एक्सऑन/एक्सऑफ असणार.

नीट सांगतो, कारण हे समजलं की पुढं कधी अडणार नाही. एक्समोडेमचं पॅकेट असं असते: सुरुवातीला १ हा बाईट, मग पॅकेटचा नंबर, मग तोच नंबर २५५ मधून वजा करून, मग १२८ बाईट डेटा आणि शेवटी तपासणीचा बाईट. आता एक्सऑन म्हणजे १७ नंबरचं कॅरेक्टर आणि एक्सऑफ म्हणजे १९ नंबरचं. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू असलं की ड्रायव्हर हे दोन बाईट डेटा समजतच नाही, "सुरू कर" आणि "थांब" असे हुकूम समजून मधल्यामध्ये गिळून टाकते. तुमच्या १७ व्या पॅकेटच्या डोक्यावर १७ हाच बाईट बसलेला आहे, तो गिळला गेला की पॅकेट एक बाईट कमी भरते, लॅपटॉप नॅक ("चुकलं, पुन्हा पाठव") पाठवते, लॉगर तेच पॅकेट पुन्हा पाठवते, पुन्हा १७ गिळला जाते, असं दहादा झालं की दोघंही हार मानतात. म्हणून केबल बदलून फरक नाही, स्पीड कमी करून फरक नाही, मोटरचा तर संबंधच नाही. समजा १७ वं कसंबसं निघालं असतं तर १९ ला अडकलं असतं, पुढं २३६ आणि २३८ ला, कारण २५५ मधून ते वजा केले की १९ आणि १७ उरतात.

स्क्रीनवर सोडलेल्या ओळींत फक्त आकडे आणि स्वल्पविराम, त्यात १७-१९ येतच नाही, म्हणून तिथं हा अडकण्याचा त्रास झाला नाही, आणि तशा नुसत्या ओळींसाठी हे सेटिंग कामाचंच आहे, म्हणूनच त्या प्रोग्रामात ते आधीपासून चालू ठेवलेलं असावं.

तर फ्लो कंट्रोल "नन" करा. हार्डवेअरवालंही नको, तीन तारांच्या केबलमध्ये त्याच्या तारा नसतातच. लॉगरच्या मेनूत तसा पर्याय दिसला तर तिथंही बंद करा. आणि एक, लॉगरवर "सेंड" दाबल्यावर तो गप्प बसून राहते, ते बरोबर आहे, एक्समोडेममध्ये सुरुवात घेणाऱ्यानं करायची असते, लॅपटॉपनं मागितल्याशिवाय तो एक बाईट सोडणार नाही. तेव्हा घाई करून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

तारजोड भाऊ म्हणतात ते मोटरचं पण करा. हे प्रोटोकॉल चूक स्वतः दुरुस्त करत नाहीत, चूक ओळखून तेच पॅकेट पुन्हा मागतात, लाइनच खराब असली तर नुसती मागणीच सुरू राहते.

बहारवाला

भाऊ!! आली फाईल!! फ्लो कंट्रोल बंद केलं अन १७ वं पॅकेट पार झालं तेव्हा मी बाजेवरून उठूनच उभा रायलो. आमच्या फीडरले लाइन रात्रीच येते म्हणून मुद्दाम मोटर चालू असताना बी एकदा घेऊन पाह्यली, मधात तीन-चार ठिकाणी रिट्राय दिसले पण थांबली नाही. २४ मिनिटं लागले. एकूण ७६०२ पॅकेट, फाईल ९,७३,०५६ बाईट.

एक शंका हाये, फाईलच्या शेवटी चौकोनासारखे काहीतरी ६७ चिन्हं आले हायेत अन एक्सेल शेवटची ओळ नीट घेत नाही. डेटा खराब झाला का?

पांदण_रस्ता

नाही हो, खराब नाही झाला. एक्समोडेमला फाईल किती मोठी आहे हे माहीतच नसते, ते फक्त १२८-१२८ चे गठ्ठे पाठवते, शेवटचा गठ्ठा पूर्ण भरला नाही तर उरलेल्या जागेत २६ नंबरचं कॅरेक्टर भरून टाकते. तेवढे ६७ साध्या एडिटरमध्ये पुसून टाका. हे प्रोटोकॉल शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये बनवलं, तेव्हा ज्या मशीनवर ते चालायचं त्यात फाईलचा शेवट याच कॅरेक्टरनं ओळखायचे. ख्रिस्टेन्सन २०२४ मध्ये गेले, त्यांनी घरच्या कामासाठी लिहिलेली गोष्ट आज वरुडच्या बागेत चालली याचं मला फार अप्रूप वाटते.

आता हिशोब करू, हा जरूर करा. ९,७३,०५६ वजा ६७ म्हणजे ९,७२,९८९. तुमची एक ओळ किती अक्षरांची आहे? शेवटचे न दिसणारे दोन बाईट धरून ३७ असेल तर बरोबर २६,२९७ ओळी होतात. पण १ जून २०२२ ते ३१ मे २०२५ म्हणजे १०९६ दिवस, मधात २०२४ चं लीप वर्ष आलं, तासांनी २६,३०४. म्हणजे ७ ओळी कमी दिसतात. ट्रान्सफरमध्ये ओळी गळत नाहीत, पॅकेट नंबर लागोपाठच असावे लागतात, तेव्हा ते ७ तास लॉगरमध्येच नोंदले गेले नसतील, शोधा.

आणखी एक. पॅकेट तपासायच्या दोन पद्धती असतात, तुम्ही चेकसमनं घेतली की सीआरसीनं? चेकसम म्हणजे १२८ बाईटची नुसती बेरीज, तिचा एक बाईट. समजा खडखडाटानं ४१.२ चं ४३.० झालं, एक आकडा २ नं वाढला आणि दुसरा २ नं घटला, बेरीज तीच राहते आणि पॅकेट पास होते. तुम्हाला फळगळीच्या दिवसाचं तापमान पाहायचं आहे, तिथं अशी चूक परवडणार नाही. सीआरसी १६ बिटची असते, ती असं सोडत नाही. घेताना प्रोग्राममध्ये एक्समोडेम-सीआरसी निवडा, मग लॅपटॉप नॅकच्या जागी "सी" हे अक्षर पाठवून सुरुवात करते, लॉगरला येत असेल तर तो त्याच पद्धतीनं देईल. मोटर बंद असताना घ्या आणि दोन्ही फाईली ताडून बघा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी कमांड आहे, पुढे स्लॅश बी लावायचं.

२४ मिनिटं लागले ते ठीकच आहे. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, तुमच्या सेटिंगमध्ये एका बाईटला १० बिट लागतात, म्हणून सेकंदाला ९६० बाईट जातात, एवढ्या फाईलला नुसते बाईटच १७ मिनिटं खातात, वरून प्रत्येक पॅकेटनंतर थांबून ॲकची ("मिळालं" या उत्तराची) वाट पाहायची. एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर असेल तर त्याच्या पोर्ट सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर (आलेले बाईट लॅपटॉपला द्यायच्या आधी थांबायची वेळ) १६ मिलिसेकंद असते, ते १ करा, ७६०२ पॅकेटमागे दोनेक मिनिटं वाचतील.

पुढं कधी दुसरा लॉगर घ्याल तर मेनूत वायमोडेम किंवा झेडमोडेम आहे का विचारा. वायमोडेम पहिल्याच पॅकेटमध्ये फाईलचं नाव आणि साइज सांगते, म्हणून शेवटी असा कचरा राहत नाही. झेडमोडेम चक फोर्सबर्ग यांचं, १९८६ चं, ते दर पॅकेटला थांबत नाही आणि मधातच लॅपटॉपची बॅटरी गेली तर जिथं तुटलं तिथून पुढं घेते. करमिट पण चांगलं, १९८१ चं, कोलंबिया विद्यापीठातलं, ते असे हुकुमाचे बाईट साध्या अक्षरांत बदलून पाठवते, तेव्हा तुमच्या एक्सऑन/एक्सऑफच्या सेटिंगमध्येही निघालं असतं.

बहारवाला

ओळ ३७ चीच हाये. लॉगरले "सी" समजते, मोटर बंद करून सीआरसीनं पुन्हा घेतली, एकही रिट्राय नाही, अन दोन्ही फाईलीत एका बाईटचा बी फरक नाही. ते ७ तास बी सापडले, २०२३ च्या ऑगस्टमधी बॅटरी उतरली होती अन नवी आणायले दुपार झाली, माह्या वहीत त्या दिवशीची नोंद हाये.

दोन पेनड्राइव्हवर कॉपी केली, एक शेजारच्या काकाजवळ ठेवली. आता पहिले तिन्ही वर्षांचे डिसेंबर-जानेवारी काढतो, तेव्हाच आम्ही बागेले ताण देतो म्हणजे पाणी तोडतो, मंग फुलाचे दिवस. तारजोड दादा, केबल मोटरच्याच पाइपातून होती, ती उद्या वेगळी करून रायलो.